पाणथळीतले देशी मासे: आधी काठ, मग बीज

प्रश्न थोडक्यात असा: गावालगत ६०-७० एकरांची गोड्या पाण्याची पाणथळ आहे. जुना बंधारा, त्यामागे पसरलेलं उथळ पाणी, एका अंगाने येणारा ओढा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथे मरळ, शिवडा, वाम, चालट, मुऱ्या असे कितीतरी मासे मिळत; आता जाळ्यात चिलापी आणि सायप्रिनस या परक्या जातींपलीकडे फारसं काही येत नाही. शिल्लक काय आहे ते कसं मोजायचं आणि गाव व मच्छीमार संस्था मिळून ते कसं वाचवता येईल? रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, सोडली की काम होईल, असं काहींचं म्हणणं आहे.

बोटुकलीपासूनच सुरुवात करू. रोहू, कटला, मृगळ हे साठलेल्या पाण्यात विणत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून तर बीज दर वर्षी विकत आणावं लागतं. ही मत्स्यशेती झाली. संस्थेच्या उत्पन्नासाठी ती ठीक आहे, पण तिला संवर्धन म्हणू नका. तुमच्या पाणथळीतून गेलेले मासे बीज नव्हतं म्हणून गेलेले नाहीत. अंडी घालायला जागा, पिल्लं लपवायला गवत आणि उन्हाळ्यात तग धरायला डोह, यांपैकी काहीतरी नाहीसं झालं म्हणून ते गेले. यातलं बहुतेक सगळं पाणथळीच्या मध्यात घडत नाही, काठावर घडतं: गुडघाभर पाण्याच्या, वनस्पतींनी भरलेल्या, पावसाळ्यात बुडणाऱ्या आणि उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात. आणि वर्षातले चार-सहा आठवडे सगळ्यात महत्त्वाचे: पहिल्या जोरदार पावसाने पाणी चढू लागतं तेव्हाचे. पुढचं सगळं या पट्ट्याच्या आणि या आठवड्यांच्या हिशेबाने वाचा.

मोजणी

एका प्रकारच्या जाळ्याने केलेली यादी ही पाणथळीची यादी नसते, त्या जाळ्याची असते. गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहून माशाला कल्ल्यापाशी अडकवणारं जाळं, शिंगट्यांना त्यांच्या काट्यांमुळे प्रमाणाबाहेर पकडतं आणि वामीला जवळजवळ सोडूनच देतं. फेकजाळं मोकळ्या, सपाट तळावर चांगलं चालतं. गवतात ते तळाला टेकतच नाही आणि मासे खालून निसटतात. मुरीसारखे चिखलात राहणारे मासे हातजाळ्याने चिखल-गवत उपसल्याखेरीज दिसत नाहीत. वाम आणि मागूर यांच्यासाठी बांबूचे सापळे रात्रभर ठेवावे लागतात. म्हणून किमान चार साधनं हवीत: गिलनेट, फेकजाळं, हातजाळं आणि सापळे.

गिलनेट एकाच आसाचं, म्हणजे एकाच मापाच्या छिद्रांचं, नको. १२, २०, ३०, ४५, ६५ आणि ९० मिलिमीटर अशा आसांचे तुकडे जोडून संच करा. इथे एक नेहमीचा घोळ होतो. काही जण गाठीपासून गाठीपर्यंतचं माप सांगतात, काही जण ताणलेला आस मोजतात. दुसरं माप पहिल्याच्या दुप्पट येतं. वहीच्या पहिल्याच पानावर ‘सर्व मापं ताणलेल्या आसाची’ असं लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तुमचेच आकडे तुम्हाला जुळणार नाहीत.

जाळं रात्रभर लावू नका. सकाळपर्यंत निम्मे मासे मेलेले असतात, काही कासवांनी आणि खेकड्यांनी खाल्लेले असतात, आणि पाणकावळ्यासारखे पक्षीही त्यात अडकून बुडतात. संध्याकाळी दोन-तीन तास आणि पहाटे दोन तास पुरे होतात, कारण माशांची हालचाल याच वेळांत सर्वाधिक असते. दर अर्ध्या तासाने जाळं तपासा आणि जिवंत मासे मोजून सोडून द्या.

किती मासे मिळाले यापेक्षा किती प्रयत्नात मिळाले हे महत्त्वाचं. २५ मीटर लांब आणि दीड मीटर उंच जाळं म्हणजे ३७.५ चौरस मीटर. ते तीन तास ठेवलं तर ११२.५ चौरस मीटर-तास झाले. त्यात ९ मासे आले, तर दर १०० चौरस मीटर-तासाला ८. फेकजाळ्यासाठी दर ठिकाणी २० फेकी, हातजाळ्यासाठी काठाने एकेक मीटरचे ३० फेर असं ठरवून टाका आणि रिकामी फेकसुद्धा नोंदवा. शून्य लिहायचा कंटाळा हा अशा सर्वेक्षणांतला सगळ्यात मोठा दोष आहे. रिकाम्या फेकी गळल्या की पाणथळ आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते.

ठिकाणं निवडताना आधी हाताने नकाशा काढा: ओढा मिळतो ती जागा, सर्वांत खोल डोह, पाणवनस्पतींचा काठ, दगडी काठ, बंधाऱ्याची भिंत, सांडव्याखालचं डबकं. प्रत्येक प्रकारच्या किमान दोन जागा घ्या. सांडव्याखालचं डबकं सहसा कुणी तपासत नाही, पण पुरात उलट दिशेने चढू पाहणारे मासे तिथेच अडकून पडलेले सापडतात. वर्षातून चार फेऱ्या करा: पाणी चढतं तेव्हा जून-जुलै, पाणी स्थिरावलं की ऑक्टोबर-नोव्हेंबर, थंडीत जानेवारी आणि पाणी सर्वांत कमी असतं तेव्हा एप्रिलची अखेर. एकच फेरी परवडत असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची करा. तेव्हा त्या वर्षीची पिल्लं हाताला लागतात आणि कोणती जात इथेच विणली हे कळतं. मोठा मासा सापडला म्हणजे तो इथे विणतोच असं नाही, तो ओढ्यातून वाहत आलेला असू शकतो.

पुरेशा फेऱ्या झाल्या हे कसं ओळखायचं? प्रत्येक नमुन्यानंतर एकूण जातींचा आकडा मांडत जा. शेवटच्या सहा-सात नमुन्यांत नवी जात आली नाही, तर त्या साधनापुरतं काम झालं. न दिसलेल्या जातींचा साधा अंदाज असाही काढता येतो: फक्त एकदाच दिसलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग करा, त्याला बरोबर दोनदा दिसलेल्या जातींच्या दुपटीने भागा आणि उत्तर एकूण जातींत मिळवा. २४ जाती मिळाल्या, त्यांतल्या ६ एकेकदाच आणि ३ दोनदा दिसल्या, तर ३६ भागिले ६ म्हणजे ६. खरा आकडा किमान ३० च्या आसपास धरायला हरकत नाही. अहवालांत शॅनन निर्देशांक (जातींची विविधता सांगणारा एक आकडा) लिहायची पद्धत आहे, पण एकट्या त्यावर विसंबू नका. चार परक्या जाती आल्या की तो निर्देशांक वाढतो आणि कागदावर पाणथळ सुधारल्यासारखी दिसते. देशी आणि परक्या जातींचे आकडे नेहमी वेगळे मांडा.

जुन्या मच्छीमारांना विचारायचं ते रंगीत छायाचित्रं दाखवून विचारा, नाव घेऊन नको; कारण एकच नाव दोन गावांत दोन माशांना असतं. ‘हा मासा शेवटचा कधी पाहिला, कुठे, कोणत्या जाळ्यात’ एवढे तीन प्रश्न बास. त्या छायाचित्रांत तुमच्या भागात असूच शकत नाहीत असे दोन मासे मिसळा. त्यांनाही कुणी ‘हो, मिळायचा’ म्हणालं, तर त्या माणसाच्या बाकीच्या उत्तरांकडे जपून पाहा. लिलावाच्या जागी आठवड्यातून एकदा तासभर उभं राहूनही पुष्कळ कळतं, मात्र मासे नेमके याच पाण्यातून आलेत ना, हे आधी विचारून घ्या.

ओळख

प्रत्येक जातीचे किमान तीन मासे छायाचित्रात हवेत: डावी बाजू, पंख पसरलेले, खाली ओली मोजपट्टी आणि चिठ्ठीवर नमुना क्रमांक. डोक्याचं वरून एक आणि तोंडाचं खालून एक छायाचित्र वेगळं घ्या, मिशा त्यातच दिसतात. नंतर पार्श्वरेषेवरचे (अंगाच्या बाजूने कल्ल्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेवरचे) खवले मोजावे लागतात, म्हणून मासा ओला ठेवून तिरप्या उजेडात टिपा.

छोट्या खवली माशांत, म्हणजे पुंटियस-पेथिया गटातल्या माशांत, सर्वाधिक चुका होतात. पुंटियस सोफोरला शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका आणि पाठीच्या पंखाच्या बुडाशी दुसरा असतो. पेथिया टिक्टोला एक ठिपका कल्ल्यामागे आणि दुसरा शेपटीच्या देठावर असतो. पण दख्खनच्या नद्यांत टिक्टोसारखे दिसणारे मासे एकाच जातीचे नाहीत हे आता स्पष्ट झालं आहे. पेथिया संजयमोलुरी या जातीचं वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, तेही पवना नदीसारख्या रोजच्या पाहण्यातल्या नदीतून. त्यामुळे खात्री नसेल तिथे ‘पेथिया, जात अनिश्चित’ असं लिहिणं हे चुकीचं पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा कितीतरी चांगलं. मरळीतही तसंच. चन्ना मारुलियसच्या शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा ठिपका असतो, चन्ना स्ट्रायटाला तो नसतो, आणि चन्ना गाचुआ जेमतेम वीतभर वाढतो व त्याच्या पंखांना नारिंगी कड असते. गाचुआला मरळीचं पिल्लू समजून यादीतून गाळलं जातं.

देशी मागूर आणि आफ्रिकन मागूर हा फरक मात्र चुकवून चालणार नाही. देशी मागूर, क्लॅरियस मागूर, जागतिक लाल यादीत ‘धोक्यात’ या वर्गात आहे. आफ्रिकन मागूर, क्लॅरियस गॅरिपिनस, याच्या पालनावर देशात बंदी आहे. आफ्रिकन मागूर मीटरभर वाढतो, अंगावर संगमरवरासारखे डाग असतात आणि पोट फिकं असतं. देशी मागूर हात-दीड हाताच्या आतला आणि सहसा एकरंगी. दोघांचा संकर करून विकलेलं बीजही बाजारात फिरतं, त्यामुळे लहान पिल्लांवरून निकाल देऊ नका. डोक्यामागच्या हाडाचा आकार आणि कल्ल्याच्या कमानीवरच्या दात्यांची संख्या (आफ्रिकनमध्ये ती बरीच जास्त असते) जाणकाराकडून तपासून घ्या.

नमुना ठेवायचाच असेल तर एका जातीचे दोन-तीन पुरे, आणि दुर्मीळ वाटणाऱ्याचे शून्य. आधी पंखाचा नखाएवढा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या माशाचा डीएनए नंतर नीट मिळत नाही. मग बाजारात मिळणारं फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग या द्रावणात मासा आठवडाभर. दहा-बारा सेंटिमीटरच्या वरचा असेल तर पोटाला उजव्या बाजूने चीर द्या, नाहीतर आतून कुजतो. डावी बाजू छायाचित्रासाठी आणि मोजमापासाठी अखंड राहिली पाहिजे. नंतर दोन दिवस पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये कायमचा. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि उरतो तो कुठला-कधीचा पत्ता नसलेला मासा. फॉर्मेलिन हातमोजे घालून, उघड्यावर हाताळा. ते कर्करोगकारक आहे. पाणथळ अभयारण्यात येत असेल तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय जाळं पाण्यात टाकूच नका.

पाणी

महागडी प्रयोगशाळा लागत नाही. विरघळलेल्या प्राणवायूचा साधा संच, तापमापी आणि पारदर्शकता मोजायची काळी-पांढरी चकती एवढं पुरतं. वेळ मात्र अचूक हवी. दुपारी चार वाजता मोजलेला प्राणवायू फसवतो, कारण दिवसभर शेवाळाने तो भरून काढलेला असतो. पहाटे सूर्योदयापूर्वी मोजा. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे ताणाखाली येतात आणि २ च्या खाली मरू लागतात. मरळ, मागूर, शिंगी यांना हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून ते उरतात. तुमच्या यादीत देशी मासे म्हणून फक्त हेच उरले असतील, तर दोष जाळ्यांना देण्याआधी सांडपाण्याची नाली कुठे मिळते ते पाहा.

काठ

मरळीची जोडी काठच्या गवतात पाव-अर्धा मीटर व्यासाचं वर्तुळ साफ करते, अंडी पृष्ठभागावर तरंगतात आणि मोठे मासे तीन-चार आठवडे पिल्लांची राखण करतात. पिल्लांचा तांबूस-नारिंगी घोळका पाण्यावर उकळी फुटल्यासारखा दिसतो. नेमका तो घोळका पाहून खालची मरळ पकडायची रीत बहुतेक गावांत आहे. एक मरळ मिळते आणि दोन-चार दिवसांत सगळी पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात. फक्त ही एक पद्धत थांबवली तरी फरक पडतो, आणि मच्छीमारांना हे पटवून द्यावं लागत नाही, त्यांना ते ठाऊक असतं. अडचण एवढीच असते की ‘मी नाही पकडली तर दुसरा पकडेल’. चालट बुडालेल्या लाकडावर आणि दगडावर अंडी चिकटवतो आणि नर पहारा देतो. मागूर काठाच्या मातीतल्या बिळासारख्या खळग्यात विणतो. खवली मासे नुकत्याच बुडालेल्या गवतात अंडी विखरतात.

आता विचार करा की सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला दगडी पिचिंग केलं की काय होतं. बीळ गेलं, गवत गेलं, उथळ पट्टा गेला. बोलायचं तर मासे अजूनही ‘आहेत’, फक्त पुढची पिढी नाही. आणि चिलापीला यातल्या कशाचीच गरज नसते: मादी अंडी-पिल्लं तोंडात घेऊन फिरते. ओसाड काठाची पाणथळ तिच्या सोयीचीच असते. म्हणून ‘चिलापीने देशी मासे संपवले’ हे अर्धंच खरं. बऱ्याच ठिकाणी काठ आधी गेला, चिलापी रिकाम्या घरात शिरली.

गाळ काढण्याचंही हेच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या योजनेतून जेसीबी येणार असेल तर नको म्हणायची गरज नाही, पण अटी घाला. एका वर्षी क्षेत्राच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त उकरायचं नाही. उरलेल्या गाळात पाणवनस्पतींचं बी, कंद आणि चिखलात दबलेले मासे असतात, तिथूनच उकरलेला भाग पुन्हा भरून येतो. कडा उभ्या कापायच्या नाहीत. एक मीटर खोलीसाठी किमान पाच, शक्य तिथे दहा मीटर आडवा उतार ठेवायचा. आणि उकरायचंच आहे तर त्यातून उन्हाळी डोह करून घ्यायचा: एप्रिलअखेरच्या पाणीपातळीच्याही खाली दोन-अडीच मीटर खोल, तळाशी दोन-चार झाडांची खोडं टाकलेली. खोडांमुळे ओढजाळं ओढता येत नाही, राखण आपोआप होते. ठेकेदार सपाट ताटलीसारखा तळ करून देतो, कारण त्याला ते सोपं जातं. रोज एक माणूस तिथे उभा हवा.

काठ गेलाच असेल तर तो परत आणता येतो. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांत ढीवर मच्छीमारांच्या गटांनी बेशरम हे काठावर माजणारं परकं झुडूप उपटून स्थानिक पाणवनस्पती लावायचं काम केलं आहे, आणि देशी मासे टिकवायचा तो रस्ता बीज सोडण्याहून पक्का आहे. बेशरम कापून जात नाही, तुकड्यालाही मूळ फुटतं. एप्रिल-मेमध्ये जमीन उघडी असताना मुळासकट खणायची आणि पुराच्या रेषेपलीकडे नेऊन पूर्ण वाळवायची. पहिल्या पावसानंतर, पाणी घोट्याएवढं आलं की, हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, कुमुद, देवधान यांची रोपं-तुकडे मातीच्या गोळ्यात बांधून एकेका मीटरवर दाबायचे. जवळच्याच, त्याच खोऱ्यातल्या तळ्यातून आणा. दुरून आणलेल्या रोपांबरोबर जलपर्णीचं बी येतं. पहिलं वर्ष गुरांपासून राखलं नाही तर सगळी मेहनत वाया जाते.

जलपर्णी फुलावर येण्याआधी काढायची, कारण बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. बाहेर ओढताना मुळं पाण्यातच झटका; त्यांत माशांची पिल्लं असतात. तणनाशक मारू नका. एकदम मेलेलं तण कुजताना सगळा प्राणवायू खाऊन टाकतं, आणि दुसऱ्या पहाटे मासे पालथे तरंगताना दिसतात. शिवाय सांडपाणी येत राहिलं तर जलपर्णी दर वर्षी काढावी लागणार, हे आधीच मान्य करून चाला.

परके मासे

मोझांबिक चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली, गॅम्बुसिया त्याआधी १९२८ मध्ये, डासांच्या अळ्या खायला. ओढ्याशी जोडलेल्या पाणथळीतून चिलापीचं समूळ उच्चाटन होत नाही. तसं आश्वासन कुणी देत असेल तर त्याला निधी देऊ नका. कमी ठेवणं मात्र जमतं. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर ती उथळ तळात ताटलीएवढे खळगे करते. त्या जागांवर पहाटे फेकजाळ्याने सतत पकड करा, लहान-मोठी सगळी काढा, एकही परत सोडू नका. आणि मरळ, शिवडा हे शिकारी मासे राखा. चिलापीच्या पिल्लांवर ते फुकट काम करतात. विष टाकणं बेकायदा तर आहेच, पण निरर्थकही आहे. विषात देशी मासे मरतात आणि वर्षभरात चिलापी परत येते.

परक्या जाती येतात कुठून? बहुतेक वेळा तुमच्याच बीजाच्या पिशवीतून. मत्स्यबीज उतरवण्याआधी प्रत्येक खेपेतले सुमारे ५०० नग पांढऱ्या टबात ओतून बघा. एकही आफ्रिकन मागूर किंवा चिलापी दिसली तर पूर्ण खेप परत. मत्स्यजिऱ्यापेक्षा बोटुकलीच घ्या. जिरे इतके बारीक असतात की त्यांत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. दुसरी वाट म्हणजे घरगुती काचपेट्या. अंगावर हाडांचं चिलखत असलेला सकर मासा असाच सोडून दिलेला. तो बंधाऱ्याच्या मातीत बिळं पाडतो आणि जाळी फाडतो. तिसरी वाट डासांसाठी सोडलेले गप्पी आणि गॅम्बुसिया. तेच काम ॲप्लोकायलस लिनिएटस, एसोमस, रासबोरा हे आपले छोटे मासे करतात आणि ते बहुधा काठच्या गवतात आधीपासून असतात. ग्रामपंचायतीला हे लेखी कळवून ठेवा, म्हणजे पावसाळ्यात कुणी बादली घेऊन येणार नाही.

नियम आणि करार

इथे एका गोष्टीने अनेकांचा हिरमोड होतो. २०१७ चे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम सिंचन, पिण्याचं पाणी किंवा मत्स्यपालन यांसाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना लागू होत नाहीत. तुमचा बंधारा पाटबंधारे खात्याच्या नोंदीत सिंचनासाठी असेल तर ते दार बंद आहे. दुसरं दार २००२ चा जैवविविधता कायदा. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत तुमची यादी छायाचित्रांसह नोंदवून घ्या. याच कायद्यात वारसा स्थळाची तरतूद आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचं वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०२१ मध्ये तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. एवढ्याशा जागेसाठीही हे होतं, पण पुराव्याची वही तयार हवी.

मोठा दर्जा मिळाला म्हणजे मासे सुरक्षित, असंही नाही. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. तिथे पक्ष्यांच्या २६५ आणि माशांच्या २४ जातींची नोंद दिली जाते. पक्षी मोजायला दर हिवाळ्यात माणसं येतात, मासे मोजायला जुलैत कोण येतं? पक्ष्यांच्या दृष्टीने पाणी जानेवारीत हवं, माशांच्या दृष्टीने जूनमध्ये ते चढायला हवं. बंधाऱ्याचे दरवाजे चालवणाऱ्यांना ही दुसरी गोष्ट क्वचितच कुणी सांगितलेली असते.

प्रत्यक्षात कामाला येतो तो मच्छीमार संस्थेशी केलेला लेखी करार. त्यात तीन कलमं ठेवा. पहिल्या जोरदार पावसापासून सहा आठवडे ओढ्याच्या मुखाशी आणि काठाच्या पट्ट्यात जाळं नाही, मच्छरदाणीचं कापड तर मुळीच नाही. उन्हाळी पाण्याचा दहावा ते सातवा हिस्सा, सर्वांत खोल डोहासह, कायमचा राखीव. त्याच्या चार कोपऱ्यांना बांबू रोवलेले. पिल्लांच्या घोळक्याखालची मरळ पकडणं बंद. यापेक्षा जास्त कलमं घातली तर एकही पाळलं जात नाही. सरसकट लहान आसाच्या जाळ्यावर बंदी घालू नका. पूर्ण वाढलेला खवली मासाही बोटाएवढाच असतो आणि तो गरीब घरातलं रोजचं कालवण आहे. बंदी काळाची आणि जागेची असावी. त्या सहा आठवड्यांत संस्थेच्या लोकांना बेशरम-जलपर्णी काढण्याची मजुरी मिळेल अशी सोय आधी करा, मग कराराची बैठक घ्या.

गेलेला मासा परत आणणं

हे सर्वांत शेवटी, काठ दोन पावसाळे तग धरल्यावर. त्याच नदीखोऱ्यातून आणायचा, हॅचरीतून नाही. दोन-चार जोड्या आणून उपयोग नाही. पुढे सगळी भावंडंच होतात. वेगवेगळ्या जागांवरून मिळून २५-३० जोड्या तरी हव्यात. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. १९८८ मध्ये भारतात शिरलेला व्रणरोग मरळ आणि खवली माशांनाच सर्वाधिक होतो, आणि थंडीत, पाणी गार झाल्यावर, उफाळतो. अंगावर लाल चट्टा दिसलेला एकही मासा पाणथळीत जाता कामा नये, आणि ती टाकी ज्या पाण्याने भरली ते पाणीही नाही. सोडताना पिशवी २०-३० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं पाणी आत घेत मिसळा. सोडायची जागा काठच्या वनस्पतींत, वेळ संध्याकाळची, महिना ऑगस्ट.

त्यानंतर दर वर्षी त्याच जागा, तीच जाळी, तेच आठवडे. चार आकडे लिहीत जा: देशी जातींची संख्या, एकूण पकडीत परक्या माशांचा वजनाने आणि नगांनी वाटा, जुलै-ऑगस्टमध्ये काठाच्या दर किलोमीटरला दिसलेले मरळीच्या पिल्लांचे घोळके, आणि एप्रिलअखेरीस डोहातली पाण्याची खोली. पहिली दोन वर्षं पहिला आकडा हलणार नाही. घोळक्यांचा आकडा मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात हलला पाहिजे. तो हलला नाही तर करारातलं पहिलं किंवा तिसरं कलम कुठेतरी मोडलं जातंय, रात्री काठावर जाऊन बघा.